पाणमांजरांचा शोधनिबंध परत आला, आता काय?

पत्र : मी सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. माझी एमएस्सीची विद्यार्थिनी आणि मी सलग दोन वर्षं, नोव्हेंबर ते मे, कर्ली खाडीच्या काठाने पाणमांजरांची विष्ठा गोळा केली, ८ कॅमेरा ट्रॅप (जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावले, ४० मच्छीमारांशी बोललो. पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी विष्ठेच्या जागा बऱ्याच कमी मिळाल्या. ‘सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पाणमांजरांची घटती संख्या आणि संवर्धन : एक अभ्यास’ असा ४२ पानी निबंध इंग्रजीत लिहून सस्तन प्राण्यांवरच्या एका परदेशी जर्नलला पाठवला. नऊ दिवसांत परत आला, परीक्षकांकडे गेलासुद्धा नाही. आता दुसऱ्याच एका जर्नलची मेल आली आहे : साडेतीन हजार भरा, सात दिवसांत छापतो. प्राचार्य म्हणतात, छापून मोकळ्या व्हा आणि माझंही नाव घाला. वनखात्याची परवानगी तोंडीच होती. इंग्रजीही यथातथाच. सारांश सोबत जोडते आहे. काय करू?
– एक वाचक, कुडाळ तालुका

उत्तर :

नमस्कार मॅडम,

ते साडेतीन हजार भरू नका. निबंध एकदा तिथे छापला गेला की तीच माहिती दुसरं कुठलंही धड जर्नल घेणार नाही. दोन वर्षं खाडीचा चिखल तुडवलात तो सात दिवसांत मातीमोल होईल. नंतर मागे घ्यायला गेलात तर त्याचेही वेगळे पैसे मागणारे महाभाग या धंद्यात आहेत. खऱ्या परीक्षणात दोन-तीन अनोळखी अभ्यासक आपला वेळ काढून, फुकट, तुमचा निबंध वाचतात. त्याला महिने लागतात. सात दिवसांत मिळते ती फक्त पैशांची पावती. ‘आम्ही यूजीसीच्या यादीत आहोत’ असं त्या मेलमध्ये असेल तर तेही सोडून द्या. यूजीसी-केअर यादी (विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य जर्नलांची यादी) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, जर्नल पारखायची जबाबदारी आता संस्थेची आणि तुमची.

आता परत आलेल्या निबंधाकडे वळू. संपादकाने शीर्षक आणि सारांश वाचला असणार, पद्धतीवर नजर टाकली असणार आणि तिथेच थांबला असणार. तुमचा सारांश वाचताना मीही तिथेच थांबलो. शीर्षकात ‘घटती संख्या’ आहे आणि केलेल्या कामात संख्या कुठेच मोजलेली नाही. मोजल्यात त्या विष्ठेच्या जागा. एक ऊद (म्हणजे पाणमांजरच) एका रात्रीत चार ठिकाणी विष्ठा टाकतो, आणि कळपाने राहणारा प्राणी असल्यामुळे चार ऊद मिळून एकाच खडपावरही (खडकावरही) टाकतात. जागा कमी झाल्या म्हणजे प्राणी कमी झाले, हे गणित बसत नाही. त्यात तुमच्याकडे दोनच वर्षं आहेत. दोन बिंदू जोडले की रेष वर तरी जाणार नाही तर खाली तरी.

त्याहून मोठी शंका मला भरतीची आहे, आणि सारांशात तिचा उल्लेखही नाही. उदाची विष्ठा पाण्याच्या कडेला पडते : खडपावर, खारभूमीच्या बंधाऱ्यावर, तिवरांच्या मुळांपाशी उंचवट्यावर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चढतं आणि खालचे खडप स्वच्छ धुऊन निघतात. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाणी तिथवर पोचत नाही, विष्ठा दिवसेंदिवस तशीच राहते. समजा, पहिल्या वर्षीच्या तुमच्या फेऱ्या बहुतेक भांगाच्या दिवसांत झाल्या आणि दुसऱ्या वर्षी परीक्षांमुळे वेळापत्रक सरकून त्या उधाणानंतर दोन-तीन दिवसांनी पडू लागल्या. मग दुसऱ्या वर्षी जागा कमी मिळणारच, उदांची संख्या तेवढीच असली तरी. खाडीत पागायला (जाळं टाकून मासे धरायला) जाणाऱ्या कुणालाही हे विचारायची गरज पडणार नाही. परदेशी परीक्षकाला तिथी माहीत नसेल, पण ‘दोन्ही वर्षी भरतीची स्थिती सारखी होती का?’ हा त्याचा पहिला प्रश्न असेल.

तेव्हा हे काम आधी करा. दोन्ही वर्षांच्या दिनदर्शिका आणि भरती-ओहोटीची कोष्टकं काढा. फेरीच्या प्रत्येक तारखेसमोर तिथी, त्या आधीच्या उधाणाला किती दिवस झाले ते, आणि अवकाळी पाऊस पडला असेल तर तोही लिहा. वहीत विष्ठेची अवस्था टिपलेली असेल (ओली, सुकलेली, पांढरी पडून भुगा झालेली) तर तोही रकाना घाला. नसेल टिपलेली, तर निबंधात तसं लिहा. मग काठाचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडा, समजा अर्ध्या अर्ध्या किलोमीटरचे. तुम्ही चाललेल्या वाटेचा जीपीएस माग असेल तर हे नंतरही करता येतं. प्रत्येक तुकड्यासमोर प्रत्येक फेरीला एक किंवा शून्य : खूण मिळाली, नाही मिळाली. हा साधा तक्ता तुमच्या ४२ पानांपेक्षा मोलाचा आहे. ‘न सापडणं’ आणि ‘नसणं’ यांना वेगळं काढण्याची पद्धत मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडली. आज ती आर या संख्याशास्त्राच्या फुकट संगणक-प्रणालीतल्या ‘अनमार्क्ड’ या पॅकेजात घरी बसून वापरता येते, आणि तिला लागतो तो हाच तक्ता. भरतीचा रकाना तिथे सापडण्याच्या शक्यतेवर परिणाम करणारा घटक म्हणून जातो. शेजारशेजारचे तुकडे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, हेही लक्षात असू द्या. एकच कळप तीन तुकड्यांत फिरत असेल तर ते तीन पुरावे होत नाहीत.

एवढं करून घट उरली तर उरली. माझा अंदाज, उरणार नाही. तरी निबंध पडत नाही, उलट उभा राहतो. कोकणातल्या भरतीच्या खाडीत विष्ठेवरून उदांचा माग काढताना उधाणाचा हिशेब धरला नाही तर किती फसगत होऊ शकते, हे आकड्यांनिशी दाखवणारा निबंध वाचायला मला तरी आवडेल. आणि तो लिहायला लागणारी सगळी सामग्री तुमच्याकडे आहे.

दुसरा प्रश्न : ऊद कुठला? सारांशात एकदा गुळगुळीत केसांचं पाणमांजर म्हटलंय आणि पुढे नुसतंच पाणमांजर. आपल्याकडे खाडीत आणि नदीच्या खालच्या अंगाला हे गुळगुळीत केसांचं, मोठं पाणमांजर. सह्याद्रीच्या बाजूच्या ओढ्यांत लहान नख्यांचं, जगातलं सर्वांत छोटं पाणमांजर. मोठ्याचा भर माशांवर, लहानाचा खेकड्यांवर, म्हणून विष्ठेत खवले दिसले की मोठं आणि कवचं दिसली की लहान, असं पुष्कळ जण ठोकून देतात. पण मोठंही खेकडे खातं. नुसत्या विष्ठेवरून जात ठरवली असेल तर निबंधात तसं लिहा आणि दावा खाली आणा. पावलांचे ठसे मोजपट्टी ठेवून काढलेले असतील, कॅमेऱ्यात शेपूट टोकाकडे चपटी झालेली स्पष्ट दिसत असेल, तर ते दोन-तीन फोटो मुख्य निबंधात आणा. सध्या ते परिशिष्टात आहेत आणि मुख्य निबंधात सूर्यास्ताचा फोटो आहे, असं सारांशाच्या शेवटच्या यादीवरून दिसतं. सूर्यास्त काढा.

शास्त्रीय नाव पहिल्यांदा येईल तिथे पूर्ण आणि तिरप्या अक्षरांत : लुट्रोगेल पर्स्पिसिलाटा. त्यापुढे जॉफ्रॉय सेंट-हिलेअर, १८२६ हे कंसात. तुम्ही कंस गाळलाय. हा कंस शोभेचा नाही. ज्याने जातीचं वर्णन केलं त्याने ती वेगळ्या प्रजातीत (जीनसमध्ये) ठेवली होती आणि नंतर कुणी हलवली, हे तो सांगतो. सस्तन प्राण्यांच्या जर्नलांत असला गाळलेला कंस डोळ्यांत खुपतो. तिथून पुढे ‘लु. पर्स्पिसिलाटा’, पण वाक्याच्या सुरुवातीला पुन्हा पूर्ण नाव.

कॅमेऱ्यांबद्दल : ८ कॅमेरे लावले एवढं पुरत नाही. किती रात्री चालू होते, बॅटरी संपून किंवा पाणी शिरून किती रात्री बंद पडले, जमिनीपासून किती उंचीवर, पाण्यापासून किती अंतरावर, हे सांगा. चालू कॅमेरे गुणिले रात्री हा आकडा आधी, मग फोटो. एकाच खेळकर कळपाचे पाच मिनिटांतले ६० फोटो म्हणजे ६० नोंदी नव्हेत. अर्ध्या तासाचं अंतर धरून एक नोंद मानायचा रिवाज आहे, तुम्ही जो धराल तो लिहा. आणि एक : हे कॅमेरे उष्णतेतला फरक ओळखून चालू होतात. पाण्यातून नुकतंच बाहेर आलेलं, थंड ओल्या केसांचं जनावर त्यांना पुष्कळदा दिसतच नाही. तुमच्या कॅमेऱ्यांसमोरच्या खडपावर सकाळी ताजी विष्ठा आणि कार्डावर फोटो नाही, असं झालं असेल तर ती वेळ लाजेने लपवू नका. किती वेळा झालं ते मोजून निकालात घाला.

मच्छीमारांच्या मुलाखती या निबंधातून उचलून बाजूला ठेवा. ४० पैकी ३१ जण ‘कमी झाले’ म्हणाले असं तुम्ही लिहिता, आणि प्रश्न होता, ‘उदांची संख्या कमी झाली आहे का?’ असं विचारल्यावर माणूस मान डोलावतोच. शिवाय जाळी फाडणाऱ्या जनावराबद्दल आणि त्याचा अभ्यास करायला आलेल्या बाईंशी बोलताना कोण किती मोकळं बोलेल, हाही प्रश्न आहेच. मुलाखतींचा वेगळा निबंध होऊ शकेल : लोकांना काय वाटतं, जाळ्यांचं नुकसान कुणाचं, कुठल्या महिन्यात. त्यासाठी बोलणाऱ्यांची संमती घेतली होती का, ते लिहावं लागेल.

परवानगी. तोंडी होती ना, मग तोंडी होती असं लिहा. मागच्या तारखेचं पत्र कुणाकडून काढून आणायच्या फंदात पडू नका. कोणी प्रेमाने देतो म्हणालं तरी नको. पाणमांजर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे आणि परवानगीचा क्रमांक जवळजवळ प्रत्येक जर्नल विचारतं. आत्ता वनविभागाला आणि कांदळवन कक्षाला रीतसर पत्र द्या : अमुक काळात, अमुक ठिकाणी, जनावर न पकडता, न हाताळता, विष्ठा आणि फोटो गोळा केले. त्यांचं उत्तर येईल ते संपादकाला जसंच्या तसं कळवा. काम अभयारण्याबाहेरचं आणि जनावराला हात न लावता केलेलं असल्यामुळे संपादक समजून घेईल अशी शक्यता चांगली आहे. बनवाबनवी केलीत तर कोणी समजून घेणार नाही.

नकाशात तुम्ही बिळांच्या जागा ठिपक्यांनी दाखवल्यात, अक्षांश-रेखांशासकट. त्या काढून टाका. उदाच्या कातड्यासाठी शिकार होते, पिल्लं पाळण्यासाठी चोरली जातात, आणि निबंध कोणीही वाचू शकतं. मोठ्या चौकोनांचं जाळं दाखवा आणि नेमक्या जागा मागितल्यास देऊ, एवढं लिहा. असं करायला जर्नलं हरकत घेत नाहीत.

‘जिल्ह्यातील पहिलीच नोंद’ हे सारांशातलं वाक्य मी तुमच्या जागी असतो तर आजच खोडलं असतं. रत्नागिरी आणि सावंतवाडीचा जुना गॅझेटियर १८८० चा आहे, त्यातला वन्य प्राण्यांचा भाग चाळला का? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण १९११ मध्ये सुरू झालं, त्याचे अहवाल सोसायटीच्या नियतकालिकात वर्षानुवर्षं छापून आलेत. ते पाहिल्याशिवाय ‘पहिली’ म्हणायचं नाही. पाहिल्यावर बहुधा म्हणावंसं वाटणार नाही.

आता नावं. हा भाग तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकलात, पण झोप याच्यामुळेच उडाली असणार. ज्याने कामाची आखणी केली किंवा माहिती गोळा केली किंवा तिचं विश्लेषण केलं, आणि मसुद्यावर काम केलं, आणि अंतिम मसुदा वाचून मान्य केला, आणि त्यातल्या चुकांना उत्तर द्यायला तयार आहे, तो लेखक. हे सगळं हवं, यातलं एखादं नव्हे. प्राचार्य यात बसत नाहीत. त्यांना सांगताना नियम पुढे करा : ‘सर, जर्नल प्रत्येक लेखकाने नेमकं काय काम केलं ते लिहून मागतं, तुमच्या नावापुढे मी काय लिहू?’ आभारात त्यांचं नाव पहिलं घाला. महाविद्यालयाचं नाव तुमच्या नावाखाली येणारच आहे, तेही त्यांना आठवण करून द्या. विद्यार्थिनी मात्र लेखक आहेच. विष्ठा धुऊन, चाळून, खवले वेगळे करून तासन् तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती बसली असेल, तर पहिलं नाव तिचं असावं का, याचाही विचार करा. तिला मसुदा द्या, तिच्याकडून दुरुस्त्या घ्या.

होडीवाल्यांबद्दल सारांशात अर्धी ओळ आहे : ‘स्थानिक होडीवाल्याने जागा दाखवल्या.’ फक्त दाखवल्या, की कुठून कुठवर फिरायचं, कुठल्या वेळेला, हे त्यांनीच ठरवलं? ठरवलं असेल तर आखणीत त्यांचा हात आहे. त्यांच्या अंगणात बसून निकाल मालवणीत समजावून सांगा, चुकतंय कुठे ते विचारा, मान्य आहे का विचारा. हो म्हणाले तर सहलेखक करा. शिक्षण किती, पदवी कुठली, हे कुठलंच जर्नल विचारत नाही. आणि उधाणाचा मुद्दा त्यांनी तुमच्याआधी सांगितला असेल, तर पद्धतीत त्यांच्या नावाने तो नोंदवा.

इंग्रजीची धास्ती सोडा. छोटी वाक्यं, एका वाक्यात एक गोष्ट. ‘सर्वेक्षण काळजीपूर्वक व शास्त्रशुद्ध पद्धतीने करण्यात आले’ असलं वाक्य मराठीतही पोकळच. त्याऐवजी : ‘दोघींनी ओहोटीच्या वेळी, सकाळी साडेसहा ते दहा, दोन्ही काठांनी पायी चालत, पाण्यापासून पाच मीटरपर्यंतचा पट्टा पाहिला.’ हे आसामातल्या माणसाला वाचून तसंच्या तसं करता आलं पाहिजे. भाषा सुधारायला एआयची मदत घेतलीत तर जर्नलच्या नियमाप्रमाणे तसं नमूद करा. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नका. नसलेले निबंध ते बिनदिक्कत तयार करून देतं.

लिहिताना आधी तक्ते आणि आकृत्या पक्क्या करा, मग पद्धत, मग निकाल. प्रस्तावना आणि चर्चा त्यानंतर, सारांश सर्वांत शेवटी. ४२ पानांची १५-१६ झाली तर उत्तम. प्रस्तावनेत जगातल्या सगळ्या पाणमांजरांची ओळख करून द्यायची गरज नाही. शीर्षकात काय पाहिलं आणि कुठे तेवढंच : भरतीच्या खाडीत विष्ठा-सर्वेक्षणावर उधाणाचा परिणाम, कर्ली खाडी, सिंधुदुर्ग. ‘एक अभ्यास’ हे शब्द गाळा, निबंध म्हणजे अभ्यासच.

कुठे पाठवायचा? आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पाणमांजर तज्ज्ञ गटाचं बुलेटिन माझी पहिली पसंती. उदांवर काम करणारे जगभरचे लोक ते वाचतात, तुमचा प्रश्न त्यांचा रोजचा आहे. कोइंबतूरहून निघणारं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा आणि मुंबईचं, १८८६ पासून चालू असलेलं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं नियतकालिक, हे दोन्ही चांगले पर्याय. विश्लेषण दणदणीत उतरलं तर ‘मॅमेलिया’ किंवा ‘मॅमल रिसर्च’ या परदेशी जर्नलांकडे जा. परदेशी म्हणजे लाखभर रुपये, अशी आपल्याकडे समजूत आहे. ज्या जर्नलांत वर्गणीचा (म्हणजे पैसे वाचणाऱ्याने भरायचे असा) मार्ग आहे तिथे तो निवडला तर बहुधा लेखकाला काही भरावं लागत नाही, पैसे ‘सर्वांना खुला’ हा पर्याय घेतला तरच. फॉर्म भरताना ती खूण चुकून करू नका. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचा, उत्तर येईपर्यंत दुसरीकडे नाही.

पाठवण्याआधी त्या जर्नलच्या लेखक-सूचना छापून समोर ठेवा. ओळींना क्रमांक, संदर्भांची पद्धत, आकृत्यांची प्रत, शब्दमर्यादा, सगळं त्यात असतं, संदर्भ लावायला झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. संपादकाला पत्र एका पानाचं : काय विचारलं, काय मिळालं, त्यांच्याच वाचकांना ते का हवं. आपल्या विभागाची माहिती नको.

परीक्षकांची टिपणं आली की प्रत्येक टिपणाला क्रमांक देऊन वेगळ्या फाइलमध्ये उत्तर लिहा : काय बदललं, कुठल्या ओळीत, आणि बदललं नसेल तर का नाही. एकजण तरी म्हणेल, ‘विष्ठेच्या डीएनएवरून जात पक्की करा.’ तुमच्या जुन्या नमुन्यांतून ते आता कितपत जमेल ते एखाद्या प्रयोगशाळेला विचारा. नाहीच जमलं तर मर्यादा म्हणून लिहा. येत्या नोव्हेंबरपासून मात्र प्रत्येक फेरीतली सर्वांत ताजी विष्ठा निवडून थोडी शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवत जा. बाटलीवर तारीख आणि जागा पेन्सिलीने लिहा, शाई अल्कोहोलने उतरते.